किडकं वांगं आधी दाखवायचं

जुई, हे पत्र आहे, पण माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखं वाच. लांबून ऐकू नकोस, मला ओरडून सांगता येत नाही आणि ओरडून सांगण्यासारखं यात काही नाही. तो मोबाईल पालथा ठेव. दिवाळीला चार दिवस आलीस आणि त्यातले अडीच दिवस कानात बोंडं घालून बसलीस. भाकरी खातेस का विचारलं तर नुसता अंगठा दाखवलास. असं वागतात का गं आजीशी? असू दे, रागावले नाही, सांगतेय फक्त. जाताना पलंगाखाली तुझे इंग्रजीचे कागद विसरून गेलीस. गुळगुळीत, रंगीत, कोपऱ्यात हसणारा बल्ब. समोरच्याला आपलं म्हणणं कसं पटवून द्यायचं, याचा धडा होता तो. मी चष्मा लावून, डिक्शनरी मांडीवर घेऊन दोनदा वाचला. एका बुटाच्या जाहिरातीखाली चौकट होती आणि तिच्यात तू लिहिलं होतंस की इथे भावनेला हात घातला आहे. बाईंनी त्यावर सोनेरी चांदणी चिकटवली होती. बुटाने कुठल्या भावनेला हात घातला ते मला काही कळलं नाही. पण आपल्या सोसायटीचा चेअरमन मिटिंगमध्ये उभा राहून ‘मी तुमच्यातलाच एक’ म्हणतो, तेव्हा डबल ग्रॅज्युएट माणसं माना डोलावतात, त्यांना कुणी ही चौकट भरायला दिली नसावी.

मला या विद्येचं कौतुक नाही, आधीच सांगून ठेवते. इंग्रजीच्या तासाला ती मलाही शिकवली होती, आणि माझी मॅट्रिक गेली ती त्या शिकवण्यामुळे. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. मी अकरावीत होते, घरात तिथवर पोचलेली पहिली, आणि मला दुसरं काही नको होतं. साडी नको, पैंजण नको, त्या परीक्षेला बसायचं होतं. ते का राहून गेलं, हे कुणाला धड माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मखमलाबादच्या वाटेवर आमचा मळा होता. आता तिथे तीन इमारती आहेत, तिन्हींची नावं फुलांची, आणि खाली कुंडीत एक फूल नाही. आमच्या वेळी तिथे वांगी, मुळे, मेथी, कोबी आणि बांधाच्या कडेने झेंडू. पहाट झाली की विहिरीवरचं इंजिन फटफटायला लागायचं आणि ते नीट चालू होईपर्यंत अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याला शिव्या द्यायचे. इंजिनाचा आवाज आणि अण्णांच्या शिव्या, यावर आम्ही भावंडं उठायचो. मग मुळे धुवायचे. पाटाच्या पाण्यात हात घातला की पहिल्यांदा बोटं दुखायची, मग दुखणं थांबायचं, आणि थांबलं की समजायचं आता बोटं आपली राहिली नाहीत. धुतलेले मुळे पांढरे लखलखीत दिसायचे आणि आमचे हात लाल. चुलीवर तोवर आईची बाजरीची भाकरी टम्म फुगलेली असायची. तिच्याबरोबर मेथीचा घोळाणा, म्हणजे कच्ची कोवळी मेथी, दाण्याचा कूट, तिखट, वरून तेल, हाताने चुरलेलं. नाहीतर वांगं. वांगं आमच्या ताटात रोज असायचं, पण ते कधी अख्खं नसायचं. चांगलं वांगं बाजाराला जायचं आणि किडकं घरात राहायचं. आई कीड पडलेला भाग कापून टाकायची आणि उरलेलं शिजवायची. मी लग्न होईपर्यंत देठासकट भरलेलं अख्खं वांगं खाल्लं नव्हतं. बाजारात लोक म्हणायचे, तुमची काय मजा बाई, मळ्यातलं ताजं खाता. शहरातल्या माणसाला शेतातलं काय वाटेल ते वाटतं.

बुधवारी गोदाकाठच्या बाजारात आई पाटी घेऊन बसायची आणि शाळा सुटल्यावर मी तिच्याजवळ जायची. तिचं बसणं बघण्यासारखं होतं. आजूबाजूच्या बायका गळा काढून ओरडायच्या, कोवळी वांगी, साखरेसारखी वांगी. आई ओरडायची नाही. गिऱ्हाईक समोर आलं की ती आधी पाटीतलं एक वांगं उचलायची, अंगठ्याने फोडायची, आतली अळी दाखवायची आणि म्हणायची, “हे बघा ताई, ह्या वाफ्याला कीड पडलीय. ह्या कडंची घेऊ नका.” ते वांगं मागे फेकून द्यायची. मग ती ताई दुसऱ्या कडेची वांगी न निवडता पिशवीत भरायची. पारखून बघायचीसुद्धा नाही. मला पहिल्यांदा वाटलं आई किती खरी. मग एका बुधवारी सकाळी बघितलं, की किडकी पाच-सहा वांगी ती घरूनच वेगळी काढून पाटीच्या एका कडेला लावून नेते. मी विचारलं तर म्हणाली, “चांगली वांगी समद्यांकडंच हायेत गं. किडकं दाखवणारी मी एकटीच.” पण एक सांगते, दुसऱ्या कडेला किडकं वांगं ती कधीच ठेवत नव्हती. त्यामुळे याला लबाडी म्हणावं की खरेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता शाळेकडे येते. आम्हाला इंग्रजी शिकवायला जे सर होते त्यांचं नाव नाही सांगत, गेले बिचारे. आम्ही त्यांना फ्रेंड्स सर म्हणायचो, कारण वर्गात आल्या आल्या ते ‘माय डिअर फ्रेंड्स’ म्हणायचे. आम्ही बाकांवर बसलेल्या चाळीस मुली, कुणाच्या नखात माती, कुणाच्या वेणीला रॉकेलचा वास, आणि आम्ही यांच्या डिअर फ्रेंड्स. शाळेत टाय घालणारे ते एकटेच. तो टाय उन्हाळ्यात त्यांच्या गळ्याशी भिजून काळा पडायचा पण सुटायचा नाही. अकरावीत त्यांनी आम्हाला वादविवाद शिकवायला काढला. समोरच्याला जिंकायचं कसं. आरंभी प्रश्न विचारायचा, पण उत्तरासाठी थांबायचं नाही. मध्ये एखाद्या थोर माणसाचं वाक्य टाकायचं, आठवत नसेल तर कुठलंही वाक्य थोर माणसाच्या नावाने टाकायचं, कोण तपासतंय. शेवटी टेबलावर हात आपटायचा. आणि सगळ्यात मोठा नियम ते खडू आपटून सांगायचे, की आपली उणी बाजू चुकूनही काढायची नाही. “ज्याने स्वतःच्या कोटाचं भोक दाखवलं, तो हरला,” असं ते इंग्रजीतून म्हणायचे आणि मग मराठीतून समजावून सांगायचे. हे आम्ही वहीत उतरून घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं, मी त्याच्याभोवती चौकटही काढली.

मग त्यांनी विषय दिला, मुलींनी शिकावं की नाही. सगळ्यांनी इंग्रजीतून बोलायचं, शिकावं या बाजूने. शाळेच्या सेक्रेटरींची मुलगी आधी उभी राहिली. तिने प्रश्न विचारला, थोर माणूस आणला, टेबलावर हात आपटला, बांगडी वाजली, टाळ्या पडल्या. मग माझा नंबर. मी चार दिवस तयारी केली होती. मला वाटलं, ज्यांना हे पटवायचंय ते म्हणजे अण्णांसारखे लोक, तर अण्णांना जे वाटतं तिथून सुरू करावं. आईसारखं. म्हणून मी उभी राहिले आणि म्हणाले, “सर, इफ गर्ल गोज टू स्कूल, हू विल वॉश रॅडिश? नोबडी.” मुलगी शाळेत गेली तर मुळे कोण धुणार, कोणीच नाही, हे खरं आहे, नुकसान होतं, आधी ते मान्य करू, असं मला म्हणायचं होतं. पुढचं मी पाठ केलेलं होतं, की मुळे धुणाऱ्या बाईला वाचता येत नसलं की कोण कसं फसवतं आणि त्यात किती जास्त नुकसान होतं. पण तिथपर्यंत मला कुणी जाऊच दिलं नाही. पहिल्या वाक्यालाच वर्ग हसायला लागला.

सर म्हणाले, “कोणाच्या बाजूने बोलते आहेस तू?”

“शिकावं, या बाजूने.”

“मग हा मुळा कुठून आला?”

“आमच्या मळ्यातून,” मी म्हणाले. मला खरंच वाटलं ते विचारतायत.

मग जो काही हशा झाला. सर स्वतः टायला हात धरून हसले. म्हणाले, “सिट डाऊन. धिस इज डिबेट, नॉट बाजार.” आणि मी बसल्यावर सगळ्यांना उद्देशून म्हणाले, बघा, स्वतःच्या कोटाचं भोक दाखवलं की काय होतं. मी त्या दिवशी आईची पद्धत मनातून काढून टाकली. तिची मला लाज वाटली. बाजारातली बाई, तिला काय कळतं, असं वाटलं. त्या टायवाल्या माणसाने हसून दाखवलं आणि मी माझ्या आईला अडाणी ठरवून मोकळी झाले. सरांना नावं ठेवतेय खरी, पण त्या वर्गातली सगळ्यात मूर्ख मुलगी कोण होती हे तू समजून घे.

तुळशीचं लग्न लागलं आणि आठ दिवसांत माझा मामा आला. मामा लग्नं जमवायचा. त्याला दुसरा धंदा नव्हता असं नाही, पण दुसऱ्या धंद्यात त्याला कोणी जेवू घालत नसे. ओट्यावर बसून म्हणाला, “सायखेड्याचं स्थळ हाय. नदीचं पाणी, बारमाही. मानसं लय चांगली.” मामाला लय वाईट माणसं कधी भेटलीच नव्हती. आई म्हणाली, “पोरीची मॅट्रिक हाय मार्चात.” अण्णा म्हणाले, “मॅट्रिक काय पळून चालली?” मी आतून म्हणाले, “अण्णा, मला परीक्षा द्यायचीय.” तर म्हणाले, “दे की. सासरी गेल्यावर दे, कोन नाय म्हनतंय.” आणि तो विषय संपला. पाहुणे रविवारी येणार असं ठरलं.

रविवारपर्यंत मी विचार करून करून एक डाव काढला आणि मला तो फार हुशारीचा वाटला. स्वतःची उणी बाजू काढली की माणूस हरतो, हे तर वहीत चौकटीत लिहिलेलं होतं. मग मला हरायचंच होतं. कोटाला जेवढी भोकं असतील तेवढी एकेक करून दाखवायची, पाहुणे उठून जातील, आणि मार्चात मी परीक्षेला बसेन. मला हसूही येत होतं. वाटत होतं, सरांचं इंग्रजी शेवटी कामाला आलं.

पाहुणे चौघे आले. मुलाचे वडील, आई, एक काका, आणि मुलगा. मुलगा म्हणजे तुझे आजोबा. त्यांनी मान वर केली नाही, फक्त कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसत होत्या. पोह्यांवर खोबरं जास्त पडलं होतं, आईने ते मुद्दाम केलं होतं. मला पाटावर बसवलं. मुलाची आई, म्हणजे पुढे झालेल्या माझ्या सासूबाई, एक गुडघा उभा करून बसल्या होत्या, हात माझ्या आईसारखेच, बोटांच्या चिरांत हिरवं.

“सैपाक येतो का गं?” त्यांनी विचारलं.

“येतो,” मी म्हणाले, “पण भाकरी काठाला फाटते. आणि वाचायला बसले की वरण करपतं. मागच्या आठवड्यात दोनदा करपलं.”

मामाला ठसका लागला. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “उलटून बोलतीस का?”

“बोलते. आईला विचारा.”

“आनखी?”

“पहाटे उठायचा कंटाळा करते. आणि विहिरीजवळ पडले होते तेव्हापासून डावा हात दुखतो, जड पाटी उचलली तर दोन दिवस हलत नाही.”

अण्णांचा चेहरा वाळलेल्या मुळ्यासारखा झाला होता. मला आतून उकळ्या फुटत होत्या. मग सासूबाई सासऱ्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या, “ऐकलं का? पोरीनं किडकं आधी फोडून दावलं.”

“दावलं खरं,” ते म्हणाले.

“म्हंजी पोरीला घर पसंत हाय. नको असतं तर गोड गोड बोलली असती.” मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “माझी बी भाकर फाटायची गं. शिकवीन मी.” आणि माझ्या आईला, “साखर आना, ताई.”

सायखेड्याकडे भाजीच घेऊन बसतात ही माणसं. पिढ्यान् पिढ्या पाटीवर बसलेली. जिला माल विकायचाच आहे तीच किडकं वांगं स्वतः दाखवते, दुसरी कशाला दाखवेल, हा त्यांच्या घरात श्वास घेण्याइतका सरळ हिशेब होता. मी जेवढे दोष सांगत गेले तेवढं त्यांना वाटत गेलं की पोरगी आपल्याला मागून घेतेय. चौघांनी साखर खाल्ली. तुझ्या आजोबांनी तेव्हा एकदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि ते असे बघत होते की जणू मी त्यांना मेडल दिलंय.

दुसऱ्या दिवशी पाटावर मुळे धुताना आई म्हणाली, “हे तुला कुनी शिकवलं?” मी सगळं सांगितलं, सर, कोट, भोक, वही. आईने हातातला मुळा पाण्यात सोडला. म्हणाली, “गिऱ्हाईक घालवायचं असलं तर माल गोड सांगावा लागतो, सुमे. माझी वांगी अमृत हायेत म्हन, बाजारातलं मानूस मागं न बघता पळतं. मला इचारायचंस ना.” मी म्हणाले, मग आता तू जाऊन सांग त्यांना. ती वाहून चाललेला मुळा पकडत म्हणाली, “शब्द तुझ्या बापानं दिला. माझा शब्द कोन मागतंय.” आणि पुन्हा मुळे धुवायला लागली. बाजारात अनोळखी बाईला जिंकणारी ती बाई घरात तोंड उघडत नव्हती. याचा मला तेव्हा राग आला होता. आताही येतो, फक्त आता तो तिच्यावरच येतो असं नाही.

राहिले होते सर. मी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाले, सर, तुम्ही घरी या, अण्णांना सांगा, मार्चपर्यंत थांबा म्हणून. सर लगेच तयार झाले. रविवारी सायकलवरून आले, टाय घालून, पँटला क्लिपा लावून. अण्णांनी बाज टाकली, चहा झाला आणि सर सुरू झाले. विहिरीवरच्या इंजिनाची टाकी रिकामी होईपर्यंत बोलत होते. मुलगी ही दोन घरांचा उजेड असते, हे झालं. समाज कुठे चालला आहे, असा प्रश्न विचारला आणि अण्णा उत्तर द्यायला तोंड उघडतात तोवर पुढे गेले. एका थोर माणसाचं वाक्य आलं. शेवटी हात उचलला आणि आपटायला टेबल नाही, म्हणून बाजेवर आपटला. सुंभाची बाज, आवाज काय येणार. मी दाराआड उभी होते आणि मला तिथेच कळलं की संपलं.

अण्णा सगळं हात जोडून ऐकत होते. कुचेष्टा त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांनी सरळ विचारलं, “खरं हाय सर तुमचं. तुमची थोरली कितवीला असंल आता?”

सर टाय नीट करत म्हणाले, “तिचं… तिचं झालं लग्न.”

“मॅट्रिक करून?”

“दहावीत होती. स्थळ चांगलं आलं.”

“हा,” अण्णा म्हणाले, “चांगलं आलं की मानूस काय करनार.” आणि उठून त्यांनी सरांना दोन कोबीचे गड्डे आणि पाटीभर वांगी दिली. सरांनी घेतली. नको नको म्हणत का होईना, घेतली आणि कॅरिअरला बांधली. जाताना मला म्हणाले, “आय ट्राइड.” सायकल वळवताना एक वांगं खाली पडलं, ते उतरून उचललं आणि मग गेले.

या माणसाचा मला आयुष्यभर तिटकारा आला, आणि तो त्यांच्या इंग्रजीसाठी नाही, वांग्यांसाठी तर नाहीच. त्यांच्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती पुढे माझ्या कानावर आली. बाजेवर बसल्या बसल्या त्यांनी म्हणायचं होतं, की अण्णा, मी माझ्या मुलीला दहावीतून काढली, ती मला आता पत्र लिहीत नाही, तुम्ही तसं करू नका. एवढंच. अण्णा विरघळले असते. मी माझ्या बापाला ओळखत होते, ते भाषणाला हात जोडायचे आणि चूक कबूल करणाऱ्या माणसापुढे एकदम गप्प व्हायचे. पण सरांनी नेमकी तीच गोष्ट टायच्या आत दडवली आणि बाकी सगळा कचरा पाटीवर मांडला. तुझ्या त्या गुळगुळीत कागदावर बोलणाऱ्याच्या विश्वासार्हतेची एक चौकट आहे ना, तिच्यात तू बूट घातलेल्या खेळाडूचं नाव लिहिलं आहेस. तिथे माझ्या सरांचं नाव लिही आणि बाईंना दाखव, चांदणी मिळते का बघ.

माघात लग्न झालं. मार्चात परीक्षेला बसायची चिठ्ठी माहेरी आली, आईने ती सामानाबरोबर पाठवून दिली. नंबर छापलेला होता, माझं नाव बरोबर लिहिलेलं होतं. पहिला पेपर इंग्रजीचा होता, सकाळी साडेदहाचा. त्या सकाळी मी सायखेड्याला झेंडू तोडत होते आणि साडेदहा कधी वाजले ते मला घड्याळाशिवाय कळलं. सासूबाई बाईमाणूस चांगल्या होत्या, भाकरी शिकवली, हात दुखतो म्हणून जड पाटी कधी डोक्यावर दिली नाही. परीक्षेचं मी त्यांना सांगितलंच नाही. काय सांगणार, की तुम्ही मला पसंत पडला नव्हता?

पुढचं इंग्रजी मी फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांवर शिकले. सायखेड्याला इंग्रजी तेवढंच यायचं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत पीक कसं डोलेल ते, आणि मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत माणूस कसा मरेल ते. मी मागची बाजू आधी वाचायला लागले. मला विचारल्याशिवाय आमच्या घरात बाटली उघडायची नाही असा नियम पुढे सासऱ्यांनी केला. डिक्शनरी तुझ्या आजोबांनी नाशिकहून जुन्या पुस्तकांतून आणली, पहिली पानं नसलेली. तीच अजून वापरते. त्यांनी ती का आणली माहीत नाही. मी मागितली नव्हती.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. आपल्या घरात कुणाचंही लग्न जमलं की तुझे आजोबा ती गोष्ट सांगतात, तू दहा वेळा ऐकलीस. पाटावर बसून हिने स्वतःचे दोष सांगितले, एकूण एक, कारण हिला मी आवडलो होतो, हिने मला मागून घेतला. लोक हसतात, मी पण हसते, पदर तोंडाला लावते. पन्नास वर्षांच्या वर मी तो पदर लावतेय. तू ऐकताना डोळे पुसले होतेस, तुझ्या बापानेही. एवढी शिकलेली माणसं तुम्ही, कुणाला वाटलं नाही की सोळा वर्षांची मुलगी असं का बोलली असेल.

गेल्या महिन्यात त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाचायला अजून परवानगी नाही. मी रोज टेबलाशी बसते ते त्यांना कळतं, विचारतात काय लिहितेस, मी म्हणते शाळेचं. म्हणतात, मग वाचून दाखव. मला नाही जमत, जुई. चेअरमनला मी तोंडावर खोटारडा म्हणू शकते, पण हे चार कागद त्यांच्यापुढे बसून वाचणं मला जमत नाही. तू ये. येत्या रविवारी सकाळची गाडी धर आणि त्यांना हे सगळं वाचून दाखव, काही गाळू नकोस. मी तोवर आत स्वयंपाक करीन. ऐकून झालं की मग त्यांनी आत यावं आणि मला विचारावं, की आता पसंत आहे का. इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नाही, त्यांनी विचारावं. तू लवकर ये.